वॉर्डातलं उद्घाटन

"आधी रांग लावा. धक्काबुक्की करायची नाही. सगळ्यांचे डोळे तपासून होणार आहेत," माई म्हणाल्या आणि सलाइनच्या नळीसकट हात उचलून त्यांनी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. "पहिल्या तुम्ही."

शेजारच्या खाटेवर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून पडल्या होत्या आणि सगळा वॉर्ड त्यांना भूगोलाच्या बाई म्हणत होता. त्यांनी आज्ञाधारकपणे एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं सूचनापत्रक मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान. नंबर उतरलाय तुमचा," माई म्हणाल्या.

"रोज उतरतोय," बाई माईंच्या धाकट्या सुनेला हळूच म्हणाल्या. "असंच चाललं तर घरी जाईपर्यंत माझा चष्मा सुटेल बघा."

धाकटीला हसू आलं. पण खाटेच्या पायथ्याशी तिच्या नणंद ताई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा बघून धाकटीने ते गिळलं. ताईंच्या आईचं डोकं गेलं होतं आणि धाकटी सून हसत होती, एवढं निमित्त पुढची दहा वर्षं पुरलं असतं.

तसं पाहिलं तर माईंच्या डोक्यातला घोटाळा फार वाईट नव्हता. तापाने त्यांना इथे आणलं, लघवीतला संसर्ग निघाला. तापाच्या भरात घरच्या जिन्यावर पाय घसरला होता, पण हाडं शाबूत होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या उठून बसल्या आणि वॉर्डाचं त्यांनी दुकान करून टाकलं. दुकानही आजचं नाही. चष्म्याचं ते दुकान नानांनी आणि त्यांनी मिळून उघडलं, तो पहिला दिवस. फीत बांधून तयार होती, गिऱ्हाइकं दारात उभी होती आणि नानाच तेवढे यायचे होते. "हे आले की फीत कापू," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नानांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

त्या दिवशी माईंच्या तिन्ही मुलांचा जन्मच झालेला नव्हता, मग त्या त्यांना ओळखणार तरी कशा? जो समोर येईल त्याला त्यांनी काहीतरी काम लावून दिलं होतं. थोरला मुलगा, ज्याला सगळं घर दादा म्हणे, तो फ्रेम विकायला आलेला एजंट ठरला होता. त्याला त्यांनी दोनदा हाकललं होतं. ताईंना त्या सासूबाई समजत आणि त्या दिसल्या की पटकन पदर सारखा करत. ताईंचा मोठा आवाज आणि कमरेवरचे हात बघता या चुकीत माईंचा फारसा दोष नव्हता. धाकटीच्या नवऱ्याला त्यांनी वायरमन केलं होतं. "दिवा कधी लावणार?" असं त्या विचारत आणि तो बापडा "लावतोच" म्हणून मान हलवी. घरातही त्याचं सगळं असंच चालायचं.

आणि धाकटी होती दुकानात नव्याने कामाला आलेली मुलगी.

"तुला काय येतं गं?" माईंनी तिला पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"काचा घासता येतात, माई. फ्रेममध्ये बसवता येतात."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच," असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला चहासुद्धा धड जमत नव्हता. माईंनी तिला स्वयंपाकघरातून उचलून दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाल्या होत्या, चहा कुणीही करतं. त्या दिवसापासून धाकटीला या घरात आपली जागा सापडली. आता तीच बाई परक्या माणसाला विचारावं तसं विचारत होती. धाकटी म्हणाली, "एका बाईंनी शिकवलं. फार चांगल्या आहेत त्या."

"मग उद्यापासून ये," माई म्हणाल्या.

*

दादा आले ते डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊनच. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, झोप अपुरी झालेल्या, पण बोलणं नीट. वॉर्डाच्या दारातल्या बाकापाशी सगळे जमले. तिथून माईंची खाट दिसत होती.

"याला आम्ही डिलिरियम म्हणतो," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात आणलं की पुष्कळांना होतं. संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी झालेलं, नवी जागा, तुटलेली झोप. सगळं एकदम अंगावर येतं आणि मन भरकटतं. विसरभोळेपणा वर्षानुवर्षं हळूहळू चढतो. हे एका दिवसात आलंय आणि दिवसातून चार वेळा कमी-जास्त होतंय. असं आलेलं बहुतेक वेळा जातंही."

"बहुतेक वेळा," दादांनी तेवढाच शब्द उचलला.

"औषध चालू आहे, ताप उतरलाय. पण मला एक सांगा, घरून कुणी त्यांना काही गोळी दिली का? झोपेची वगैरे?"

दादांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं. ताई पर्सची चेन उघडत होत्या, बंद करत होत्या.

"मी दिली होती," ताई अखेर म्हणाल्या. "माझीच. अर्धीच दिली. पहिल्या रात्री तिला झोप येईना, तळमळत होती. मला बघवेना."

एरवी ही कबुली दादांनी सोन्याच्या डबीत जपून ठेवली असती. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून बहीणभावात जे बिनसलं होतं, त्यानंतर दोघं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. पण दादा चक्क म्हणाले, "जाऊ दे. मीही दिली असती."

धाकटीला धडकीच भरली. भाऊबहीण एक झाले याचा आनंद मानावा, तर ते नेमके एकाच गोष्टीसाठी एक झाले होते. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं एक निवास होतं. तिथे तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली होती आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. माईंना दवाखान्यातून परस्पर तिथेच न्यायचं, दुकानावरच्या खोल्यांत परत आणायचं नाही, असं दोघांनी ठरवत आणलं होतं.

"असली गोळी आता नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसा खिडकी उघडी ठेवा, बसवा, चार पावलं चालवा. ओळखीचं माणूस जवळ असू दे. त्या दुकान म्हणाल्या तर वाद घालू नका, पण तुम्हीही दुकान मांडू नका. हे हॉस्पिटल आहे, तुम्ही कोण आहात, हे शांतपणे सांगत राहा. ऐकायला नीट येतं ना त्यांना? चष्मा आहे?"

"चष्मा?" ताई, दादा आणि धाकटी तिघं एकदम म्हणाले. दोन पिढ्या चष्मे विकणाऱ्या घराला हा प्रश्न म्हणजे हलवायाला साखर आहे का विचारण्यासारखं होतं. "नवाकोरा आहे."

डॉक्टरीणबाई गेल्या. जाताना त्यांनी आपला सरकलेला चष्मा बोटाने वर ढकलला, ते माईंनी खाटेवरून पाहिलं. निदान त्या दिशेने डोळे बारीक करून बघितलं तरी.

*

"डॉक्टर असंच बोलतात," दादा बाकावर बसत म्हणाले. "धीर देणं त्यांचं कामच आहे. पण मी डोळ्यांनी बघतोय ना. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवले, ती स्वतःचा चष्मा फेकून देते. काल सिस्टरच्या अंगावर फेकला. आज सकाळी उशीखाली कोंबला. याहून आणखी काय पुरावा हवा?"

"आणि ती मान," ताई म्हणाल्या. "सारखी हनुवटी छातीला टेकवते, मग वर करते, मग पुन्हा खाली. मला बघवत नाही रे."

"डॉक्टर म्हणतात तसं उतरलं तर?" धाकटीने विचारलं.

"आणि नाही उतरलं तर?" दादा म्हणाले. "जिना कोण चढवणार तिला? तू दिवसभर यंत्रावर. हा..." त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "जिन्यात ती पडलेली मला सापडली. तुम्हाला नाही. मला हाक मारायलासुद्धा येईना. पुन्हा तसं मला बघायचं नाहीये. एवढंच."

दादांचा आवाज फाटला होता. धाकटीला त्यांचा राग येईना आणि त्यामुळे ती जास्तच अडचणीत आली. समोरचा माणूस दुष्ट असला की भांडण सोपं असतं.

"अहो, तुम्ही तरी बोला काहीतरी," ती नवऱ्याला म्हणाली.

"मला वाटतं," तो म्हणाला, आणि सगळे थांबले, कारण त्याला काही वाटणं ही घरातली दुर्मीळ गोष्ट होती. "मला वाटतं, चहा घेऊन येऊ का सगळ्यांना?"

तो चहाला गेला. तीन माणसांत दोन मतं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. धाकटी उठून माईंकडे गेली. त्या घरात त्या नसतील, यंत्र बंद केल्यावर वरून कुणाची हाक येणार नाही, हे तिला नको होतं. तिला माई हव्या होत्या. खुळ्या झाल्या असल्या तरी हव्या होत्या.

तिने उशीखालचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि माईंच्या डोळ्यांवर लावला. तिनेच बसवलेल्या काचा होत्या त्या. माईंच्या नुकत्याच झालेल्या पंचाहत्तरीला तिघांनी मिळून हा चष्मा केला होता. काच दादांनी निवडली, सगळ्यात नवी, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारी. सोनेरी नाजूक फ्रेम ताईंनी निवडली, कारण माईंची काळी जाड फ्रेम आणि तिची स्क्रू मारलेली दांडी बघून त्यांना चारचौघांत लाज वाटायची. काचा घासून बसवल्या धाकटीने. या घरात तिघांचं एकमत झालं तेव्हाच खरं तर कुणालातरी शंका यायला हवी होती.

मग ती पायथ्याशी सरकली. पडल्यापडल्या माईंनी तिच्याकडे बघितलं. हनुवटी छातीला टेकवली. वर केली. पुन्हा टेकवली.

"कोण गं तू?"

"मी धाकटी. तुमची सून. आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, माई."

"तोंड का पुसून टाकलंयस?" माई म्हणाल्या आणि चष्मा ओढून तिच्याकडे भिरकावला. तिने तो झेलला. मग त्यांचं लक्ष भूगोलाच्या बाईंकडे गेलं. त्या पडल्यापडल्या पत्रक वाचत होत्या. "अहो बाई, उठून बसा आधी. झोपून तपासलेला नंबर खोटा असतो."

धाकटीच्या हातात चष्मा तसाच राहिला.

हे वाक्य तिने हजार वेळा ऐकलं होतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर ऐसपैस रेललं, की माई म्हणायच्या, ताठ बसा, समोर बघा, मग मी काचेवर खूण करते. आणि ती मान खाली-वर करणंही तिने पाहिलं होतं. या नव्या काचा लावलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आठवड्याभरात तक्रार घेऊन यायचं आणि काउंटरपुढे उभं राहून नेमकी तश्शीच मान हलवायचं. स्पष्ट दिसतंय ती जागा शोधत.

पलीकडची खाट सकाळीच रिकामी झाली होती, नवी चादर घातलेली. धाकटी सरळ जाऊन तिच्यावर आडवी झाली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांवर त्याच जातीच्या काचा होत्या, चाळिशी उलटल्यापासून. तिने उशीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "दादा, जरा या पायथ्याशी उभे राहा."

दादांनी ताईंकडे पाहिलं. "हिलाही लागलं."

"या तर."

दादा पायथ्याशी येऊन उभे राहिले. धाकटीने मान न हलवता नुसते डोळे खाली करून त्यांच्याकडे बघितलं. दादांना तोंड नव्हतं. सदरा होता, हात होते आणि मानेवर एक फिकट गोळा. तिने हनुवटी छातीला टेकवली तेव्हा कुठे त्या गोळ्यावर मिशी उगवली.

"दादा," ती म्हणाली, "उभ्या माणसाला या काचेच्या वरून लांबचं दिसतं. खाटेवर पडलेल्या माणसाला पायाशी उभं असलेलं माणूस बघायचं तर डोळे खाली जातात. म्हणजे वाचायच्या भागातून बघावं लागतं. माईंना चार दिवस एकाही माणसाचं तोंड दिसलेलं नाहीये."

"काहीतरीच," ताई म्हणाल्या. पण त्यांचाही चष्मा त्याच काचेचा होता. "सरक." धाकटी उठली आणि ताई आडव्या झाल्या. हनुवटी छातीला टेकवली, वर केली. मग म्हणाल्या, "दादा, तू दिसत नाहीयेस."

"मला बघू दे," स्वतःचा तसाच चष्मा सारखा करत दादा म्हणाले.

सिस्टर औषधांची गाडी ढकलत आत आली, तेव्हा पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला एक गृहस्थ बुटांसकट तिच्या ताज्या चादरीवर पडला होता, बायका पायथ्याशी ओळीने उभ्या होत्या आणि तो म्हणत होता, "आता तू हो बाजूला. आता तू ये. नाही. ही पण नाही दिसत."

"तुमच्या घरात हे सगळ्यांनाच आहे का?" सिस्टरने विचारलं.

"दुकान त्यांचंच आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांना इतकं हसू येत होतं की गुडघा दुखायला लागला होता.

दादा उठून बसले. हसत नव्हते. "आपण दर गिऱ्हाइकाला सांगतो," ते म्हणाले. "पहिले पंधरा दिवस जपून. मान खाली घालून बघा. जिन्यावर तर..." ते थांबले. "माईला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. या काचा दुकानात आल्या तेव्हा माईंनी काउंटर सोडलेलं होतं, पण माईंना चष्मा कसा लावायचा ते शिकवणार कोण? ताईंना वाटलं दादांनी सांगितलं असेल. दादांना वाटलं धाकटीने. धाकटीला वाटलं, माईंना काय सांगायचं. चष्मेवाल्यांच्या घरी दिव्याखाली अंधार होता तो असा.

"म्हणजे जिना," दादा हळूच म्हणाले.

"ताप होताच," धाकटी म्हणाली. "तापाने कुणाचाही पाय घसरेल. पण पायऱ्याही त्या याच काचेतून बघत होत्या. इतकी वर्षं त्या जिन्यावर कधी अडखळल्या नव्हत्या, दादा."

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "तो काळा चष्मा मी फेकायला लावला. कचऱ्याच्या डब्यावर धरून उभी होते. आता कुठून आणायचा? नवा करायचा तर दोन दिवस जातील."

दादांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात जुनी, कोपरे उसवलेली डबी होती.

"टाकवेना," ते म्हणाले. "नानांनी हाताने कानस मारून केलेली फ्रेम आहे ती. तू पाठ फिरवलीस तेव्हा मी डब्यातून काढून घेतली. तेव्हापासून खिशातच आहे."

पाटीच्या भांडणापासून ताईंनी दादांना एकदाही प्रेमाने हाक मारली नव्हती. आता त्यांनी भावाच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "दादू, तू अगदी गाढव आहेस रे." ताईंच्या तोंडून दादांना दादू अशी हाक धाकटीने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

*

चष्मा दादांनीच लावला. माईंनी एजंटाला आधी हात लावू दिला नाही. "नको तुमच्या फ्रेमा. महिन्यात मोडतात." मग त्यांची बोटं त्या काळ्या दांडीवर पडली, घासत स्क्रूपाशी गेली आणि थांबली.

"हा स्क्रू ह्यांनी बसवलाय," त्या म्हणाल्या.

"हो माई."

चष्मा नाकावर बसला. माईंनी खिडकीकडे पाहिलं, भूगोलाच्या बाईंकडे पाहिलं, औषधांच्या गाडीकडे पाहिलं. मान हलवली नाही. मग दादांकडे पाहिलं, आणि चेहरा उलगडत गेला.

"दादू? कधी आलास?"

"इथेच होतो, माई."

"किती वाळलायस. आणि रडतोयस काय एवढा मोठा माणूस?" त्यांनी मागे बघितलं. "ताई पण आलीये. दोघं एकत्र? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," ताई रडता रडता हसल्या. "तू हॉस्पिटलमध्ये आहेस, ताप आला होता तुला."

माई बराच वेळ दांडीवरून अंगठा फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "नाना गेले ना रे?"

दादांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "हो माई. बारा वर्षं झाली."

"हं," माई म्हणाल्या. "मला वाटलं, उशीर झालाय." त्यांचे डोळे भरले आणि काचा धुरकट झाल्या. धाकटीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या तिच्याकडे बघून थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "काय गं, यंत्र कोण बघतंय? तू इथे कशाला सगळ्यांबरोबर?"

एवढ्यात धाकटीचा नवरा चहा घेऊन आला. सगळे रडत होते. त्याने ट्रे हातात धरूनच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," माई म्हणाल्या. "तू साखर विसरला असशील."

विसरलाच होता.

*

एका चष्म्याने सगळं गेलं असं कुणी समजू नये. त्याच संध्याकाळी उजेड कमी झाला तशा माई पुन्हा रांग लावायला लागल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं होणार, ओसरतानाही लाटा येतात. पण आता त्या घाबरत नव्हत्या. चेहरे दिसत होते. औषध आपलं काम करत होतं, ताईंची गोळी बंद होती, खिडकी उघडी होती. दादा आणि ताई पाळीपाळीने जवळ बसत. पाळी संपली तरी दुसरा उठून जाईना, म्हणून बाकावर दोघांचा एकच डबा उघडू लागला. माईंचं दुकान दिवसाकाठी थोडं थोडं बंद होत गेलं.

शनिवारी सकाळी माई खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होत्या. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. माईंनी चष्मा खाली घेतला, त्यांना वाकायला सांगितलं, त्यांच्या चष्म्याची नाकावरची पॅडं दोन्ही अंगठ्यांनी एवढीशी दाबली आणि म्हणाल्या, "आता नाही घसरणार. आज वार शनिवार, हे हॉस्पिटल, आणि मी दुकान उघडलेलं नाही. विचारायच्या आधीच सांगते."

"मग सलाइन काढू या," डॉक्टरीणबाई हसल्या.

सिस्टर सुई काढायला आली. पण माईंनी ती ओढू नये म्हणून मनगटावर पांढऱ्या गॉझचे इतके वेढे दिले होते की ते सुटेनात. तिने बोथट टोकाची कात्री काढली.

"थांबा," माई म्हणाल्या. त्यांनी त्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. "हे काही यायचे नाहीत आता. मीच कापते. द्या इकडे."

सिस्टरने कात्री दिली. माईंनी डाव्या हाताने, जिभेचं टोक दातात धरून, पट्टी कापली. ती खाली पडली आणि भूगोलाच्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग ताईंनी, मग सिस्टरने, आणि बघता बघता सगळ्या वॉर्डाने, ज्यांना कशाचं काय ते माहीत नव्हतं त्यांनीही. धाकटी इतकी हसत होती की तिला नवऱ्याच्या खांद्याला धरावं लागलं.

टाळ्यांमध्ये दादांचा फोन वाजला. दादांनी नाव बघितलं आणि धाकटीचं हसू थांबलं. तिला माहीत होतं, शनिवार होता. दादा बाहेर गेले नाहीत. तिथेच, सगळ्यांच्या देखत बोलले. "नाही, नको. खोली दुसऱ्या कुणाला द्या. आमच्याकडे जागा आहे." फोन खिशात ठेवला.

"कोण होतं रे?" माईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक होतं एक."

"निवासवाले ना?"

ताईंच्या टाळ्या थांबल्या. दादांचा चेहरा पांढरा पडला.

"डोळे गेले होते माझे," माई म्हणाल्या. "कान शाबूत होते. सगळं ऐकलंय मी. कळत नव्हतं, ती कुठल्या म्हातारीची गोष्ट चाललीये. मला वाटायचं, काय बिचारीचे हाल."

"माई, मला भीती वाटली होती," दादा म्हणाले. "मला तू तशी पुन्हा जिन्यात..." त्यांचा चष्मा ओला होऊन नाकावरून खाली आला.

"इकडे ये. वाक."

दादा गुडघ्यांवर बसले. माईंनी त्यांची हनुवटी धरली, गिऱ्हाइकाची धरत तशी. चष्मा काढला, आपल्या पदराने पुसला, दांड्या कानांमागे नीट बसवल्या, फ्रेम सरळ केली आणि थोडं मागे होऊन बघितलं.

"जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घ्या, म्हणजे तुझीही भीती जाईल," त्या म्हणाल्या. "आता समोर बघ. दिसते का मी?"

"दिसतेस."

"नीट?"

"नीट दिसतेस, माई."

"मग झालं तर," माई म्हणाल्या. "चला घरी."